रूमशामच्या मुलखात एक दिवस

आपल्या जुन्या बखरींतून 'रूमशाम' असा एक जोडशब्द भेटतो. शाम म्हणजे सीरिया, आणि रूम म्हणजे आजच्या तुर्कस्तानचा आशियातला भाग, अनातोलिया. विजापूरची मुलूखमैदान तोफ १५४९ साली अहमदनगरला ओतणारा महंमद बिन हसन हा तिकडचा, म्हणून रूमी. कोन्याला ज्यांची कबर आहे ते कवी जलालुद्दीन त्या मुलखात येऊन राहिले, म्हणून तेही रूमी. एरवी या मुलखाचा आणि आपल्यासारख्या मध्यमवर्गीयांचा संबंध दिवाणखान्यातल्या गालिच्यापुरता. आणि तो दिवाणखानाही बहुधा शेजाऱ्यांचा. पण अलीकडे पुण्यामुंबईच्या प्रवासी कंपन्या दहाबारा दिवसांत सगळा तुर्कस्तान फिरवून आणतात. इस्तंबूलच्या मशिदी आणि समुद्रकाठ यांबद्दल पुष्कळांनी लिहिलं आहे, त्यात मी भर घालत नाही. मी सांगणार आहे तो एकच दिवस, कोन्याहून कापादोकियाला जातानाचा. कार्यक्रमपत्रिकेत त्या दिवसापुढे 'प्रवास व वाटेत स्थलदर्शन' एवढंच छापलं होतं.

सप्टेंबरची अखेर होती. आम्ही एकंदर बत्तीस जण. त्यांत दोन डॉक्टर, सांगलीकडचे एक ऊसवाले काका, नवं लग्न झालेलं एक जोडपं (हे सदा मागच्या बाकावर), बाकी सगळे पेन्शनर. आणि एक आजी. वय पंच्याऐंशी, अंगानं काडी, नऊवारी सोडून गेल्या दहा वर्षांत पंजाबी पोशाखावर आलेल्या, बरोबर लेक. मॅनेजर गिरगावचा, आणि वाटाड्या तुर्की, तिशीतला, अंकाऱ्याला इतिहास शिकलेला.

या वाटाड्याची आमच्याशी गट्टी जमली ती नात्यांवरून. पहिले दोन दिवस तो सगळ्या बायकांना इंग्रजी शिरस्त्यानं 'आंटी' म्हणत होता. ऊसवाल्या काकूंनी त्याला विचारलं, "अरे, तुमच्या भाषेत मावशीला काय म्हणतात?" तो म्हणाला, "तेय्झे." "आणि आत्याला?" "हाला." काकूंचा उत्साह वाढला. काकाला आम्जा, मामाला दायी, वहिनीला येंगे, थोरल्या बहिणीला आब्ला. एकेका नात्याला एकेक शब्द, अगदी आपल्यासारखा! इंग्रजाची सगळी बिऱ्हाडं एकाच 'अंकल-आंटी'त कशी राहतात कोण जाणे. त्या दिवसापासून बसमधल्या समस्त बायका तेय्झे झाल्या, आणि आजी सर्वांत थोरल्या तेय्झे. चहाला चाय, हमालाला हमाल, मैदानाला मेयदान, दुकानाला दुक्यान, साबणाला साबुन हे हळूहळू कळलंच. 'आपण परदेशात आहोत असं वाटतच नाही' असं आमचे हे म्हणाले. मग चहा आला. ट्यूलिपच्या फुलासारखा चिमुकला पेला, आत काळा कोरा चहा. दूध मागितलं तेव्हा हॉटेलवाला ह्यांच्याकडे आजारी माणसाकडे पाहावं तसं पाहू लागला. त्यानंतर ह्यांना परदेश पटला.

सकाळी साडेसातला बस सुटली. कोन्याचं पठार म्हणजे एखाद्यानं इस्त्री करून ठेवावी अशी सपाट जमीन. गव्हाची कापणी केव्हाच झालेली, खुंटं राहिलेली. मधूनच हिरवेगार चौकोन दिसत. ते बीटाचे. या बीटापासून साखर करतात म्हटल्यावर सांगलीचे काका जागे झाले. पाणी कुठून आणता, हा त्यांचा पहिला प्रश्न. पाऊस इथं वर्षाकाठी बारा इंचांच्या आसपास, आणि बीटाला पाणी लागतं ते उसाच्याच वळणानं. वाटाड्यानं सांगितलं, कूपनलिका. मग त्यानं पुढचंही सांगितलं. जमिनीखाली चुनखडी आहे. पाणी उपसत गेलं तसे आतले पोकळ कप्पे उघडे पडतात, आणि एखाद्या दिवशी शेतातली जमीन भसकन खाली जाते. दंडगोलासारखा उभा खड्डा पडतो. त्याला 'ओब्रुक' म्हणतात. असे जुने खड्डे इथं हजारो वर्षांपासून आहेत, पण दक्षिणेच्या कारापिनार भागात गेल्या काही वर्षांत नवे पडण्याचा सपाटाच लागला आहे. काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि पुढचा अर्धा तास ते खिडकीबाहेर बघत गप्प बसले. त्यांच्या शेतात कूपनलिका किती आहेत हे मी विचारलं नाही.

शंभराहून थोडे अधिक किलोमीटर गेल्यावर सुलतानहानी आलं. हान म्हणजे सराई. आपल्याकडे सराई म्हटलं की चार पडक्या भिंती आणि वडाचं झाड डोळ्यांपुढे येतं. इथं बसमधून उतरल्यावर समोर दिसला तो किल्लाच. सेल्जुक सुलतान अलाउद्दीन कैकुबाद याच्या कारकिर्दीत १२२९ साली ही बांधली. पुढे आगीनं नुकसान झालं आणि १२७८ मध्ये दुरुस्ती होऊन ती वाढवली गेली. दरवाजा असा की उंट भारासकट शिरावा आणि वर आणखी एक उंट ठेवला तरी चालावं. त्यावरचं दगडी कोरीवकाम बघताना मान दुखते. आत मोठं अंगण, मधोमध चार कमानींवर उचललेली एवढीशी मशीद, भोवती खोल्या, स्वयंपाकघर, हमामखाना. अंगणापलीकडे उंच खांबांचा एक अंधारा मंडप आहे, तो हिवाळ्यात वापरायचा. बाहेर बर्फ पडत असताना माणसं आणि जनावरं एकाच छपराखाली एकमेकांच्या उबेनं झोपत.

उंट दिवसाला जेवढं चालेल तेवढ्या अंतरावर, म्हणजे तीस-चाळीस किलोमीटरवर, अशा सराया बांधत नेल्या होत्या. व्यापाऱ्यानं यावं, तीन दिवस राहावं, खावं, जनावरांना वैरण घालावी, आणि एक पैसा देऊ नये! खर्च देणगीच्या इनामांतून चाले. वाटेत लुटालूट झालीच तर भरपाई सुलतानाच्या खजिन्यातून, असंही सांगतात. "हा खरा सर्वसमावेशक दौरा," आमचे हे म्हणाले. आमच्या पत्रिकेत बाटलीचं पाणी स्वखर्चानं होतं.

अक्सराय मागं पडलं, हसनदाग हा तीन हजार मीटरहून उंच जुना ज्वालामुखी उजव्या हाताला बराच वेळ सोबतीला राहिला, आणि मग शेतांचा रंग बदलला. जिकडे बघावं तिकडे भोपळे. पिवळे, केशरी, ओळीनं रचून ठेवलेले. एका शेताशी बस थांबली (कारण वेगळंच होतं, दीड तास झाला होता), आणि बायका थेट बांधावर गेल्या. शेतात एक यंत्र चाललं होतं. भोपळे उचलायचे, फोडायचे, बिया काढून घ्यायच्या आणि गर तिथंच शेतात टाकायचा! बिया सुकवून, भाजून, मीठ लावून देशभर जातात. प्रत्येक तुर्काच्या खिशात त्या असतातच. पण गर? तो खत होतो, नाहीतर गुरांपुढे जातो. आमच्या काकूंना हे बघवेना. "अहो, या एका शेतात आख्ख्या सांगलीचे घारगे होतील!" वाटाड्यानं हे कसं भाषांतरित केलं ठाऊक नाही, पण शेतकरीणबाई हसत आल्या आणि त्यांनी एक चांगला सातआठ किलोचा भोपळा काकूंच्या हातात ठेवला. पैसे घेईनात. तो भोपळा बसमध्ये पुढच्या बाकाशी, मॅनेजरच्या पायांशी बसला.

जेवण रस्त्याकाठच्या खानावळीत. मसुराचं सूप त्यावर लिंबू पिळून, बुलगूर म्हणजे आपला दलिया, आणि आयरान म्हणजे मीठ घातलेलं ताक. दोन बायका जमिनीवर बसून हातभर लांब आणि बोटाएवढ्या बारीक लाटण्यानं कागदासारख्या पोळ्या लाटत होत्या. मांडे करणारीनं त्यांच्यापुढे नमस्कार करावा. शाकाहारी मंडळींची पंचाईत होते असं जे म्हणतात ते गावांपुरतं तरी खरं नाही.

देरिनकुयूला पोचायला दोन वाजले. गाव साधं, धुळकट, बैठ्या घरांचं. बघण्यासारखं सगळं पायाखाली. १९६३ साली एक गृहस्थ घराची डागडुजी करत असताना भिंतीमागं खोली लागली, तिच्यामागं आणखी एक, आणि मग उतरत जाणारी वाट. असं करत सगळं शहरच सापडलं. १९६९ पासून ते प्रवाशांना खुलं आहे. ज्वालामुखीच्या राखेचा मऊ दगड इथं सगळीकडे आहे. साध्या हत्यारानं कोरता येतो आणि हवा लागली की कठीण होतो. पिढ्यान्‌पिढ्या कोरत माणसं सुमारे पंच्याऐंशी मीटर खाली गेली. गोठे वरच्या मजल्यावर, मग कोठारं, द्राक्षं तुडवायच्या कुंड्या, प्रार्थनामंदिर, विहीर. हवेसाठी उभे झरोके कोरले आहेत, त्यांतला एक पंचावन्न मीटर खोल. जात्याच्या तळीसारखे माणसाएवढाले दगड भिंतीच्या खाचेत उभे केलेले. शत्रू आला की आतून लोटायचे, वाट बंद. बाहेरून ते हलवता येत नाहीत.

वाचताना हे सगळं मजेचं वाटतं. प्रत्यक्षात कमरेत वाकून, पुढच्याच्या पाठीला नाक लावून उतरताना मनात एकच विचार येतो की वरून आणखी एक टोळी खाली निघाली तर काय! आम्ही तिसऱ्या मजल्यावरून परतलो. डॉक्टर तळापर्यंत गेले आणि दोन दिवस मांड्या चोळत होते. पण एक गोष्ट मनात राहिली. ही भुयारं काही फक्त प्राचीन काळची नव्हेत. डॉकिन्स नावाचा इंग्रज भाषापंडित १९०९च्या सुमाराला या भागात ग्रीक बोली अभ्यासत हिंडत होता. अदानाच्या कत्तलीची बातमी आली तेव्हा जवळच्या एका गावचे पुष्कळ ख्रिस्ती लोक अशाच भुयारांत जाऊन दडले, असं त्यानं लिहून ठेवलं आहे. माझी आजी त्या वेळी हयात होती. म्हणजे फार जुनी गोष्ट नव्हे.

वर आलो तर आजी दिसेनात. लेकीचा जीव खालीवर. शेवटी सापडल्या त्या मैदानापलीकडे, एका मोठ्या दगडी चर्चपुढे. एकोणिसाव्या शतकातलं, भक्कम बांधणीचं, आणि दाराला कुलूप. आजी त्या कुलपाकडे बघत उभ्या. वाटाड्या दिसताच त्यांनी विचारलं, "हे देऊळ कुणाचं? त्याची माणसं कुठं गेली?"

मग तिथंच, उन्हात, त्यानं ती हकिगत सांगितली. पहिल्या महायुद्धानंतर ग्रीस आणि तुर्कस्तान यांची लढाई झाली. ती संपल्यावर ३० जानेवारी १९२३ रोजी लोझान येथे करार झाला, की तुर्कस्तानातल्या ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोकांनी ग्रीसला जायचं आणि ग्रीसमधल्या मुसलमानांनी तुर्कस्तानात यायचं. इस्तंबूलचे ग्रीक आणि पश्चिम थ्रेसचे मुसलमान तेवढे वगळले. आधीच पळून गेलेले धरून सुमारे बारा लाख माणसं तिकडे गेली, साडेतीन-चार लाख इकडे आली. भाषा कोणी विचारली नाही. अनातोलियातल्या कितीतरी ख्रिस्ती घरांत तुर्कीच बोलत, लिहायला फक्त ग्रीक लिपी. तिकडून आलेल्या कित्येक मुसलमानांना ग्रीकखेरीज दुसरी भाषा नव्हती. धर्म तेवढा बघितला आणि अदलाबदल झाली.

आजी म्हणाल्या, "आमची अदलाबदल नव्हती. आमच्या पाठीमागं नुसतं जाणं होतं." आजींचा जन्म कराचीचा. हे आठ दिवसांत आम्हांला कोणालाच ठाऊक नव्हतं. १९३६ पर्यंत सिंध मुंबई इलाख्यातच होता, त्यामुळे नोकरीपेशाची मराठी माणसं तिथं पुष्कळ. आजींचे वडील बंदरावर कारकून. १९४७ साली, आजी सात वर्षांच्या असताना, सगळे बोटीनं मुंबईला आले आणि पुढे पुण्याला स्थायिक झाले. "अशी माणसं राहतात असं गाव वाटेत आहे का?" आजींनी विचारलं. वाटाड्या थोडा घुटमळला. आहे, म्हणाला. मुस्तफापाशा. जुनं नाव सिनासोस. पण पत्रिकेत नाही. पत्रिकेत चार वाजता गालिच्याचं दुकान होतं.

बसमध्ये मतदान झालं. सहलीत लोकशाही फार महाग पडते हे मॅनेजरच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. गालिच्याचं दुकान हा काही साधा मुक्काम नसतो. तिथं रेशमाचे कोश उकळून दाखवतात, दुहेरी गाठ मारून दाखवतात, सफरचंदाचा चहा पाजतात, आणि त्या चहाची किंमत कुणाच्या ना कुणाच्या गालिच्यात वळती होते. एकवीस जणांना गालिचे हवे होते. शेवटी असं ठरलं की त्यांना उरगुपच्या दुकानात सोडायचं आणि बस उरलेल्या अकरांना घेऊन पाचसहा किलोमीटर मागं मुस्तफापाशाला जाईल. आमचे हे दुकानात गेले. "न घेणाऱ्यातला एक जण तिथं असायला हवा," असं त्यांचं म्हणणं. मी आजींबरोबर गेले.

सिनासोस हे पैसेवाल्यांचं गाव होतं. इथले पुरुष इस्तंबूलला जाऊन खारवलेल्या मासळीचा आणि माशांच्या अंड्यांचा, कॅव्हिआरचा, व्यापार करत आणि मिळकत गावात घरं बांधण्यात घालत. मधाच्या रंगाच्या दगडाची दुमजली घरं, खिडक्यांवर कोरीव महिरपी. चौकातल्या कॉन्स्टंटाइन आणि हेलेना यांच्या चर्चच्या दारावर द्राक्षवेल कोरला आहे. १९२४ साली गाव सोडून जाण्याआधी लोकांनी घरांची, रस्त्यांची, माणसांची छायाचित्रं मुद्दाम काढवून घेतली. ग्रीसच्या एव्हिया बेटावर त्यांनी वसवलेलं गाव आजही नेआ सिनासोस, म्हणजे नवं सिनासोस, या नावानं आहे.

एका घराच्या ओट्यावर सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ बसले होते. वाटाड्यानं त्यांना काही सांगितलं. ते उठले, आजींचा हात हाती घेऊन कपाळाला लावला (थोरांना नमस्कार करण्याची ही तिकडची रीत) आणि आत या म्हणाले. काकूंना एकदम आठवण झाली. रिकाम्या हातानं कुणाच्या घरी कसं जायचं? त्या धावत बसकडे गेल्या आणि तो भोपळा घेऊन आल्या. घरच्या बाईंनी भोपळा बघितला मात्र, त्या अशा हसल्या की भिंतीला टेकल्या! त्या मुलखात भोपळा भेट देणं म्हणजे कोकणात नारळ नेण्यासारखंच. पण त्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला.

त्या गृहस्थांची आजी १९२४ मध्ये उत्तर ग्रीसमधून नवी नवरी म्हणून आली होती. तुर्की तिला धड येत नसे, म्हणून आसपासच्या गावच्या बायका तिला ग्रीकीण म्हणत. आजी म्हणाल्या, "मला पुण्याच्या शाळेत सिंधीण म्हणायचे."

गृहस्थांनी विचारलं, निघताना तुम्ही कुलूप लावलंत का?

"आईनं लावलं. किल्ली आमच्या देव्हाऱ्यात असे. १९६१ साली पानशेतच्या पुरात देव्हारा गेला, तेव्हा ती गेली."

ते म्हणाले, माझ्या आजीनं लावलं नाही. येणाऱ्यांना दार फोडावं लागू नये म्हणून उघडंच टाकलं. मग ते आम्हांला तळघरात घेऊन गेले. तिथं जमिनीत अर्धा पुरलेला एक मातीचा रांजण होता. त्यांच्या घरचे आले तेव्हा तो काकवीनं, द्राक्षांच्या काकवीनं, काठोकाठ भरलेला होता. जाणारे तो नेऊ शकले नव्हते.

आजी वाकून रांजणात बघत राहिल्या. आता त्यात बटाटे होते. मग म्हणाल्या, "आमच्या घरी लोणच्याची बरणी होती. उन्हाळ्यातच घातलेलं, नुकतं मुरलं होतं. आई घराचं नाव काढीत नसे. त्या बरणीचं मात्र मरेपर्यंत बोलायची. विचारा यांना, यांच्या आजीनं ती काकवी खाल्ली का?"

वाटाड्यानं विचारलं. गृहस्थ जरा ओशाळले. खाल्ली, म्हणाले. पहिल्या हिवाळ्यात दुसरं काही नव्हतंच. फार चांगली होती असं आजी सांगे. आणि पुढे १९९० नंतर ग्रीसहून जुन्या मालकांची नात हे घर बघायला आली, तेव्हा आम्ही तिला काकवीचा डबा भरून दिला.

"चांगली होती म्हणाल्या ना?" आजींनी पुन्हा विचारलं. "मग झालं."

त्यांच्या लेकीनं तोंड फिरवलं आणि ती उगाच भिंतीचा दगड बघू लागली. काकूंना खरं तर रडायची सवय, पण त्या त्या बाईंना हातवारे करून घारग्यांची कृती सांगण्यात गुंतल्या होत्या. गूळ नसला तर काकवी चालेल, इथवर दोघींचं जमलं होतं.

निघताना त्यांनी टोपलीभर द्राक्षं आणि भाजलेल्या भोपळ्याच्या बियांची पुडी दिली. मॅनेजर घड्याळ दाखवत होता. उरगुपला पोचलो तेव्हा अंधारून आलं होतं आणि दुकानापुढे एकवीस माणसं सफरचंदाचा चहा पिऊन पिऊन कंटाळून उभी होती. सगळ्यांच्या पुढे आमचे हे. काखेत खाकी कागदात बांधलेली एक वळकटी.

"लहानच आहे," ते म्हणाले. "देव्हाऱ्यापुढे घालायला."

किंमत त्यांनी रात्री सांगितली. आजी पहिल्या बाकावर बसून एकेक बी दातांनी फोडत होत्या, वय पंच्याऐंशी आणि दात स्वतःचे. दुसऱ्या दिवशी पहाटे चारला फुग्यांतून उडण्यासाठी उठायचं होतं, तेव्हा मॅनेजरनं सर्वांना लवकर झोपायला सांगितलं.